फळ्या

घासणीचं यंत्र गोणीत घालून सुपडू मिस्त्री आला.
"जागेवर घासस, जागेवरच पॉलिश.
अख्खी खोली एक पाट.
फक्त आठ दिस पाय ठेवू नका,
खिडक्या बंद, नहीतं धूळ बसी जाई."
अमळनेरचा वैशाख, आणि खिडक्या बंद!

जळगावहून आलेल्या नमुन्याच्या फळ्या
कारखान्यातूनच चकचकीत;
आज ठोका, रात्री झोपा.
पण कडा तासलेल्या, दोन फळ्यांत बारीक खाच.
तिच्यात शेव अडकणार, बाजरीचा कोंडा,
माझं अर्धं आयुष्य केरसुणीला.
मी सुपडूच्या बाजूची.

धाकटा दीर विश्राम
चाकाची खुर्ची नमुन्यांवरून घेऊन गेला.
टक. टक. टक.
मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं: बघा.
विश्राम मागे वळला, पुन्हा गेला,
ओठांत काही पुटपुटत.
"ह्याच घाला, वहिनी.
सपाटीवर मी नुसता घरंगळतो.
इथं कळतं, किती चाललो."

चाललो, म्हणाला.

यंत्र गोणीतून निघालंच नाही.
सुपडूनं दाराचा उंबरा तेवढा रंध्यानं उतरवला,
पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला.

रात्री भिंतीपलीकडून ऐकते:
अकरा, बारा,
मग थांबतो. खिडकीशी असेल.

शेव सकाळी काढते, काडीनं.