आधी हवा येते

पहाटे पावणेचारला धनकवडीच्या चढावर
मी चेंबरचं झाकण उचलतो, झुरळं पळतात.
लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवतो
आणि फेरे मोजायला लागतो.
बेचाळीस.
गेनूमामा शेलारांनी शिकवलं हे काम:
"सावकाश फिरव. लाईन जुनी आहे.
एकदम सोडलंस तर खालीच फुटेल,
वरच्यांना थेंब मिळायचा नाही."

सव्वाचारला बागवान चाचींचा फोन.
शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर.
"सोपान, पाणी सोडलं का नाही रे?
नळ नुसता फुसफुसतोय."
सोडलंय, चाची. चढ आहे.
आधी हवा येते. हंडा लावून ठेवा.

सहा वर्षं रोज हेच बोलतोय.
आपण काही मोठं बोलतो
असं कधी वाटलं नाही.

मुलगी दिवाळीनंतर यायची होती.
आली पितृपंधरवड्यात,
ससूनच्या काचेच्या पेटीत,
अकराशे चाळीस ग्रॅम.
माझी चावी चार किलोची.
हे उगाचच डोक्यात बसलं.

सारिकाला दूध उतरेना.
ठेकेदाराकडे दोन महिन्यांचा पगार अडकलेला,
फोन केला की म्हणतो, बिल वर गेलंय.
रात्री रिक्षा स्टँडजवळच्या कट्ट्यावर बसून
मी तुझ्याशी भांडायचो.
प्रार्थना एका शब्दाची होती: आत्ता.
देवा, आत्ता.
तुझी धरणं म्हणे कायम भरलेली,
मग माझ्याच गल्लीला हे कसलं वेळापत्रक?

तू काही बोलला नाहीस.
मशीन तेवढं टुकटुक करत राहिलं.

चौथ्या दिवशी लोखंडे सिस्टर
नळीतून तिला दूध देत होत्या. दोन मिली.
कोणाचं, विचारलं.
"नाव सांगता येत नाही. दूध बँकेतलं आहे.
कोणीतरी बाई देऊन गेली,
झाले तीनेक आठवडे."
मी बोटांवर दिवस मोजले. परत मोजले.
तीन आठवड्यांपूर्वी तर
सारिका घरी मेथी निवडत होती,
आणि मी पाळण्याचे भाव विचारत फिरत होतो,
घाई नाही, म्हणत.

थोडं जास्त द्या ना, मी म्हणालो.
"आतडी कोवळी आहेत हो.
एकदम दिलं तर सोसायचं नाही."
मी गप्प झालो.
बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं,
आणि बराच वेळ तो नळ बंद करायचं सुचलं नाही.
मी, पाणीवाला.

पण ऐक, सगळं जुळलं असं मी म्हणणार नाही.
मंगळवारी शेजारची पेटी रिकामी झाली.
त्या बापाला काय सांगू,
आधी हवा येते म्हणून?
त्याच्या हातात चहाचा कप दिला, बाजूला बसलो.
त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.
तुझ्याकडे असेल तर ते त्याला दे,
मला नको.

आज बाराशे साठ.
पगार अजून नाही.
सारिकाला सकाळी वाटीच्या तळाला लागेल
इतकं दूध आलं. ती ती वाटी
मला दोनदा दाखवून गेली.
डिस्चार्ज कधी, कोणी सांगत नाही,
मीही आता रोज विचारत नाही.

दुपारी सिस्टर म्हणाल्या, शर्टाची बटणं काढा.
आणि तिला माझ्या छातीवर ठेवलं,
उघडं अंग उघड्या अंगाला, वरून चादर.
ऑक्सिजनची नळी कालच निघाली होती.
केवढीशी. पण ऐकू येत होतं
नाकातून, माझ्या गळ्याशी,
फुस… फुस…

चाची, तुमचा नळ आठवला.

कुठे, किती खाली, कोणत्या अंधारात
तू झाकण उचललंस मला माहीत नाही.
कितवा फेरा चाललाय तेही नाही.
चढ मोठा आहे, लाईन जुनी.
मी इथेच आहे,
हंडा लावून.