अत्तराला मिशा नसतात

विजापूर वेशीत, बंदेनवाज अत्तरवाल्याच्या दुकानात,
एप्रिलच्या दुपारी तीन वाजता
मी होते, एक टेबलफॅन होता
आणि लेबल गळून पडलेली एक शिशी.

"ही कशाची?"
त्यानं काचेची काडी बुडवून माझ्या मनगटाला टेकवली.
"ठैरो जरा. ये धीरे बोलता."

आधी हिरवं आलं.
फुलाचं नव्हे, फुलं आपलं नाव लगेच सांगून टाकतात.
दवण्याचा तुरा नखानं खुडावा,
कडुलिंबाची काडी दाताखाली धरण्याआधी मोडावी,
तसं काहीतरी: तुरट, तुटक,
रामराम न करता आत येऊन बसणारं.
मग वाळा. कूलरच्या जाळीतला, दोन उन्हाळे जुना,
पाणी बंद केल्यावरही बराच वेळ गार.
आणि पंख्यानं तीनदा मान फिरवल्यावर
सगळ्याच्या तळाशी
लाकूड.

"बायकांचं की पुरुषांचं?"
विचारून ठेवलं, घरी विचारणारच होते.
बंदेनवाज हसला. "अत्तरकू मुछां नै रहते, बाई."
मला पाचवीचा फळा दिसला:
तो वास, ती शिशी, ते अत्तर.

आणि सिद्धू आठवली.

साखर पेठेतली सिद्धम्मा बडिगेर.
माग दुरुस्त करायची, धोटे घडवायची.
अंगात बापाचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या,
कानावर पेन्सिल, त्याच कानात आईची कुडी;
दुसरी कधी हरवली ते तिलाही ठाऊक नव्हतं.
घरात कानडी, विणकरांशी तेलुगू, आमच्याशी मराठी,
लाकडाशी मात्र एक शब्द नाही.
तिथं रंधा बोलायचा.
मागावरचे लोक चेष्टेनं "सिद्धूमामा" म्हणायचे,
माझी आई "सिद्धूबाई".
ती दोघांनाही ओ द्यायची
एकाच आवाजात.

एकदा तिच्याच दारात माझ्या तळव्यात कुसळ गेलं.
तिनं माझा हात आपल्या गुडघ्यावर उताणा ठेवला,
सुई काडेपेटीच्या जाळावर धरली.
"रडायचं तर आत्ता रड. मग हलायचं नाही."
मी रडले. मग हलले नाही.
तेव्हा तिच्या बाहीतून जे येत होतं
ते हे.
शिसवाचा भुसा, ओल्या बाभळीची साल,
गोड त्यात काहीच नव्हतं,
आणि कुसळ निघालं तरी
मला तिथून उठावंसं वाटेना.

रात्री नवऱ्यानं मनगट हुंगलं.
"हे पुरुषी आहे," म्हणाला आणि कूस बदलली.
सकाळी शिशीतलं अत्तर
एका रेघेनं खाली उतरलेलं.
त्याच्या कॉलरकडे मी पाहिलं नाही.
दोघं स्कूटरवर सात रस्त्यापर्यंत
एकच माणूस असल्यासारखे गेलो.

रविवारी शिशी घेऊन साखर पेठ गाठली.
गल्लीत मागाची खटखट उरलेली नाही.
सिद्धू आता पोळपाट करते,
पोरांच्या तडकलेल्या बॅटी बांधून देते.
केस आखूड, पांढरे. पेन्सिल तिथंच.
काही न सांगता तिच्या मनगटाला काडी टेकवली.
तिनं हुंगलं. थांबली. परत हुंगलं.
मग दुसरं मनगट, मग सदऱ्याची बाही,
मग पुन्हा पहिलं.
"काय की," म्हणाली, "मला तर कसलाच वास येईना.
कितीला घेतलीस?"

मी किंमत सांगितली.
ती एवढी हसली
की कानावरची पेन्सिल भुशात पडली,
आणि ती शोधायला
आम्ही दोघी खाली वाकलो.