निरंक

पहाटे पाच चाळीस. नायगावचं शस्त्रागार.
जाळीच्या खिडकीआड हवालदार तांडेल,
चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.
मी पट्ट्याला हात लावायच्या आधीच म्हणाले,
"मॅडम, घोडा चढलेला आहे."

चढलेलाच होता.
दारूखान्यापासून इथवर
जीपच्या प्रत्येक खड्ड्याला
माझ्या मांडीशी तसाच बसून आला होता,
कान मागे टाकून.

रात्री भंगारातल्या जहाजाखालून एक पोरगा निघाला.
हातात काहीतरी लांब, चकाकतं.
थांब म्हणाले. थांबला नाही.
मग मी स्लाइड ओढली.
तो आवाज कुठल्याही भाषेत कळतो,
तो थांबला.
पितळेचा नळ होता. तोही गळका.
पोरानं तो दोन्ही हातांनी पुढे केला,
घ्या म्हणून.

तांडेल बाहेर आले. वाळूच्या ड्रमशी उभं केलं मला.
"शिंगाळा धरलाय कधी? काट्याचा मासा?
तसं धरायचं. तोंड वाळूत.
माणसाकडे नाही. माझ्याकडेही नाही,
मी कितीही बोललो तरी."

त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही.
मी बघितलेलं त्यांनी बघितलं.
"एकोणनव्वद साल. चाप दाबून
अंगठ्यानं हळूच उतरवत होतो घोडा.
जुनं हत्यार, खटकाच नव्हता त्याला.
अंगठ्याला घाम होता.
भिंतीवर ते कॅलेंडर आहे ना,
त्याच्या मागे भोक आहे."

"बोट चापावरून बाहेर.
अजून बाहेर. अंगावर सरळ ठेवा,
चाप म्हणून काही असतो हे त्याला माहीतच नाही असं.
आता अंगठा खटक्यावर. खाली दाबा, पूर्ण.
घोड्याला हात लावू नका, त्याचा तो उतरेल."

खट.
पानाच्या डब्याचं झाकण बसावं, एवढंच.

मी श्वास सोडणार, तोच
"गोळी आतच आहे, मॅडम.
उतरला म्हणजे रिकामा झाला नाही.
आणि खटक्यावर भरवसा ठेवा,
पण वाळू सोडू नका.
खटकासुद्धा सरकारीच आहे."

मॅगझिन काढलं. स्लाइड ओढली.
एक गोळी फरशीवर पडली, घरंगळत
त्यांच्या चपलेशी जाऊन थांबली.
"बघा आत. आता करंगळी घालून बघा.
रात्रपाळीच्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही."
करंगळीला तेल लागलं. बाकी काही नाही.

चपलेजवळची गोळी त्यांनी उचलली,
शर्टाला पुसली, बाकीच्यांत ठेवली,
दोनदा मोजल्या.
रजिस्टरात लिहिलं, वळणदार अक्षरात:
दिल्या दहा. जमा दहा. वापर निरंक.

"सही करा."

पेन धरायला बोट वाकवावं लागतं.
माझं अजून सरळच होतं.

तांडेलांनी रजिस्टर तसंच उघडं ठेवलं
आणि चष्म्याचा दोरा
सोडून पुन्हा बांधत बसले.