अधिक महिना

पहाटे गडावरची शेवटची तोफ बोलली.
मग चिमण्या.

लष्करच्या कोठीत अंताजी कारकून
बोरूला टोक काढत बसलेला.
पंधरवड्यापूर्वी खजिना उघडला तेव्हा
पगार त्यानंच वाटला होता:
रांगेत कुणी हसत होतं,
कुणी नाणं चावून बघत होतं.
त्यांतल्या बहुतेक नावांपुढं
आता अंगठा उठणार नाही.

गोरा साहेब विचारतो,
या खर्चाचा धनी कोण?

सुवर्णरेखेच्या कोरड्या पात्रात
मेलेली घोडी फुगताहेत.

अंताजी पंचांग उघडतो.
यंदा ज्येष्ठ दोन. पहिला अधिक.
"साहेब, तो महिना आम्ही धरत नाही."

साहेब गेल्यावर
वहीच्या मागल्या पानावर, बारीक मोडीत,
एकेक नाव उतरवत जातो.
पुढं रक्कम नाही. फक्त गाव.