कोशिंबीर न्हय

दोन लिटर दुधाचं दही
आदल्या रात्री मीच विरजलं.
मला वाटलं, श्रीखंड.
"श्रीखंड न्हय गो," म्हणाले, "बघीत रव."

बत्तीस वर्षं जहाजावर भंडारी.
तिकडे तीस माणसांचं दोन वेळचं जेवण,
इकडे साखरेचा डबा कुठला
ते अजून मला विचारतात.

फडकं माझ्या जुन्या सुती साडीचं,
उकळून वाळवलेलं.
दही ओतलं, चार टोकं जुळवली,
खलाशांची कसलीशी गाठ मारली
आणि मान वर करून घरभर फिरले
टांगायला जागा शोधत.

"ही कडी कसली?"
माजघराच्या वाशाला होती ती.
पाळण्याची, म्हटलं.
"आपल्या?"
आपल्याच. आधी तृप्ती,
मग साडेतीन वर्षांनी हेमकांत.
दोन्ही वेळा तुमची तार आली होती,
एक सुएझवरून,
दुसरी कुठून ते पोस्टमनलाही वाचता आलं नाही.

काही बोलले नाहीत.
स्टुलावर चढून गाठोडं अडकवलं
आणि एका बोटाने
त्याला जरासा झोका दिला.

रात्रभर टोपात टपटप.
सकाळी ते पिवळसर पाणी मी कढीपत्त्याला घातलं.
"सुरी उभी रवाक व्हयी त्येच्यात."
राहिली उभी.

तवसं मी तवसोळीसाठी ठेवलेलं,
ते गेलं.
साल काढलं, बिया चमच्याने उकरल्या,
किसून शिरोड्याच्या मिठागरावरचं जाडं मीठ चोळलं
आणि अर्ध्या तासाने
चोराची मानगूट आवळावी तसं पिळलं.
"पाणी रवला तर कोशिंबीर,
गेला तर झाझिकी."

पिरेयसच्या बंदरात शिकले म्हणे,
स्ताव्रो नावाच्या म्हाताऱ्याकडे,
जहाज नऊ दिवस दुरुस्तीला अडकलं तेव्हा.
नऊ दिवस!
पत्रात एवढंच होतं:
इकडे सर्व ठीक. काम फार.

लसणीच्या चार पाकळ्या, ठेचून.
शेपू, ज्याच्या नुसत्या वासाने
हा माणूस एकेकाळी ताटावरून उठायचा.
व्हिनेगर इनासबाबकडचं, माडाच्या सुरेचं.
आणि ऑलिव्हचं तेल,
वेंगुर्ल्याच्या मेडिकलमधून आणलेली इवलीशी बाटली.
चष्मा लावून मी वाचलं:
फक्त बाहेरून लावण्यासाठी.

दोघंही बाटलीकडे बघत राहिलो.
शेवटी घाण्यावरचं खोबरेल, एक चमचा.
"स्ताव्रोक सांगूचा नाय."

मग माकूल तळायला घेतलं.
मी म्हटलं, दह्याबरोबर मासळी?
अंगावर कोड येतं.
माझी सासू, म्हणजे त्यांचीच आई,
ताटात बांगडा असला
तर ताकाची वाटी उचलून शिंक्यावर ठेवायची.

त्यांनी बाही वर सारली, हात पुढे धरला.
"बघ."
बघितला.
इतक्या उजेडात पहिल्यांदाच बहुतेक.
मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे जुने चटके,
कुठला कुठल्या समुद्रातला
मला कसं कळणार.
कोड नव्हतं.

एक तुकडा बुडवला.
गार, आंबट, मग लसणीचा ठसका,
मग शेपू.
शेपूच तो, काही झालं तरी.
"कसा लागता?"
मीठ जरा जास्त झालंय, म्हटलं.
मीठ बरोबर होतं.

संध्याकाळी शेजारची आवडाबाई
वाटी परत द्यायला आली,
तिलाही चमचाभर दिलं.
"कोशिंबीर बरी झाली हां," म्हणाली.
मी म्हटलं, कोशिंबीर न्हय,
आणि पुढचं नाव
मला काही केल्या म्हणता येईना.

आतून त्यांनी सांगितलं.
दोनदा.