बद्द

हिंगण्याच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
मी सिलिंडर ठोकून पाहतोय.
खण्ण वाजलं तर पुढे,
बद्द वाजलं तर बाजूला, खडूची फुली.
मग आत पाणी भरायचं गळ्यापर्यंत
आणि दाब वाढवत न्यायचा.
लोखंड किती फुगलं, किती मागे आलं,
त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं:
पाच वर्षं.
तो आकडा मीच त्याच्या खांद्यावर उमटवतो.

"नागपूरचा माणूस अन् समुद्रात बुडी?
काऊन बे, ऊन लागलं का?"
चिचघरे हसला.
त्याला नाही सांगितलं
की स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
मी लहानपणापासून समुद्र वाचत आलोय.
सपाटीपासून तीनशे मीटर आणि वर थोडे.
इतक्या लांब राहूनही
आपली उंची त्याच्यापासूनच मोजतात.

अप्पलराजू पुढे, मी मागे, मध्ये दोरी.
नाक दाबून कान फुंकायचे, परत फुंकायचे.
अठराव्या मीटरच्या आसपास
कुंदानं मनगटाला बांधलेला लाल धागा
काळा पडला.
मग हिरव्यात एक गडद हिरवं दिसलं,
ते हलेना.

पाणबुडी.
डबक्यात कुशीवर पडलेल्या म्हशीसारखी,
पाठीवर शिंपल्यांचं खरूज,
आणि मासे असे ये-जा करत होते
जसं काही बिऱ्हाड त्यांचंच.
टॉर्च लावली तर गंज भडकला,
मनगटावरचा धागाही परत लाल.

झाकण बंद. आतून आवळलेलं.
आमच्याकडे पाणी आत आणि माणूस बाहेर,
दाब आतून बाहेर मोजायचा.
इथे पाणी बाहेर
आणि आत
मी हिशेब तिथेच सोडला.

पण हाताची सवय.
सुरी उलटी धरली आणि मुठीनं ठोकलं,
एकदाच.
पाण्यात आवाजाला दिशा नसते
हे वर्गात शिकवलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं.
तो समोरून आला नाही,
डावीकडून नाही,
माझ्याच कवटीत कुणी ठोकल्यासारखा
सगळीकडून आला.
खण्ण की बद्द?
कळलं नाही.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं नाही.

अप्पलराजूनं बोट हलवलं: नको.
त्याच्या आजोबांचं जाळं इथेच फाटायचं.
त्यांच्या घरात या जागेवर
मोठ्यानं बोलत नाहीत.

वर येताना पाच मीटरवर थांबायचं असतं,
रक्तात मुरलेला वायू
हळूहळू सुटावा म्हणून.
दोरीला लटकून राहिलो.
माझे बुडबुडे वर जात होते, त्याचेही.
खालून एकही नाही.

परत आलो तेव्हा इथे शेहेचाळीस अंश.
टपरीवर चिचघरेनं विचारलं,
"कोणाची होती? आपली का त्यायची?"
त्यांची, म्हणालो.
"बरं झालं मंग."
त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला,
प्यायलाच नाही.
जरा वेळानं खाली बघतच म्हणाला,
"किती जण असतीन जी?"
मी फक्त झाकणाचे बोल्ट मोजले होते.

रात्रभर कूलरचं पाणी गवताच्या जाळीवरून ठिबकतं.
कुंदा म्हणते, झोपेत नाक दाबून
कान फुंकता तुम्ही.

शेडमध्ये आता ठोकल्यावर
हातोडी लगेच खाली ठेवत नाही मी.
नवा पोरगा आहे पवनीचा, उतावळा.
"साहेब, वाजलं नं."
हो, वाजलं.
"मग फुली मारू का पुढे ढकलू?"
घामानं त्याच्या मुठीत
खडूचा लगदा झालेला.
थांब जरा, म्हणतो मी.
थांब.