उभा धागा, आडवा धागा

म्हापशाला, बाजारातून अल्तिनोकडे चढताना आग्नेलचे दुकान.
आधी तो मिक्सर दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर.
सोल्डरचा वास मात्र तोच.
"किते जाय, मेस्त?"
मी सुलक्षाकडे बोट दाखवले.
उंदराला चटई हवी,
एवढेच मला समजले होते.

आग्नेलने काउंटरवर चार माउस पॅड पसरले.
एक काचेचा. "ह्याच्यावर हात सुसाट जातो,
थांबवायची जबाबदारी तुमची."
एक ड्रॅगनवाला, कडेने लाल-निळे दिवे.
सुलक्षाने तो धड न बघताच बाजूला सारला,
गिऱ्हाइकाने आणलेली चमकीची लेस मी सारतो तसा.
उरले दोन कापडी.
एकाचे नाव स्पीड, एकाचे कंट्रोल.

इथे ती अडली.
स्पीडवर नेम निसटून पुढे जातो,
कंट्रोलवर समोरचा आधी वळतो,
आणि जुलैत कुठलेही कापड
इथल्या दमट हवेत जड होते, म्हणाली.
ते मला सांगायला नको.
जुलैत आमच्याकडे मिठाला पाणी सुटते
आणि खडूची रेघ कापडावर उमटत नाही.

आजवर ती खेळत होती
माझ्या सूटिंगच्या नमुन्यांच्या पुठ्ठ्यावर.
त्याच पुठ्ठ्यावर गेल्या महिन्यात बेळगावच्या मुलांशी हरली
आणि दोन दिवस जेवताना बोलली नाही.
मला वाटले, दात दुखतोय.

मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
स्पीडवर अंगठा फिरवला, डावीकडून उजवीकडे,
मग वरून खाली.
पुन्हा एकदा, डोळे मिटून.
"हा आडवा पळतो, उभा अडतो.
आडवा धागा जाड घातलाय."
सुलक्षाने माउस ठेवून एक वर्तुळ काढले.
मग अजून एक, सावकाश.
"अंड्यासारखे येते," ती म्हणाली
आणि माझ्याकडे पाहिले,
नवे गिऱ्हाईक काजाकडे पाहते तसे.

मग माप.
ती मनगटाने नाही, कोपरापासून हात हलवते.
खिशातली टेप सवयीने बाहेर आली.
कोपर ते मनगट, साडेनऊ.
मागच्या वेळी सात होता,
चौथीच्या गॅदरिंगचा पूर्ण बाहीचा झगा.
त्यानंतर तिचे सगळे कपडे पार्सलने आले.
टेप लावताना ती हलली नाही.
आग्नेल उगाच पंख्याचा वेग
कमी-जास्त करत राहिला.

कंट्रोलच्या दोन जाती होत्या.
अठराशेचा, कड शिवलेली.
साडेसहाशेचा, कड उघडी.
तिने दुसरा उचलला.
"कड तू शिवशील ना?"

रबरात मशीनची सुई पहिल्याच टाक्याला मोडली.
मग हाताने. चामड्याची सुई, मेण लावलेला दोरा,
कामतांची पँट बाजूला ठेवून आख्खी दुपार.
चारी कोपरे गोल, टाके दातांसारखे एकसारखे.
खोटे कशाला, मी ते शेजाऱ्यालाही दाखवले.

रात्री भिंतीपलीकडून तिचा आवाज येई,
कुणाला तरी जिन्याखाली लपायला सांगताना.
मग काहीच नाही.
मग एक क्लिक.

तिसऱ्या दिवशी तिने पॅड आणून माझ्या मांडीवर टाकला.
"टाका वर येतो. घासतो."
हातावर तांबडी रेघ होती खरी.
आख्ख्या दुपारीचे काम. मी काही बोललो नाही.
कात्रीचे टोक घातले, उसवायला घेतले.
ती स्टुलावर बसून पाय हलवत होती.
"जास्त नको, एका दोऱ्याएवढाच खाली घे."
एक दोरा म्हणजे किती,
हे तिला कधी शिकवल्याचे आठवत नाही.

गॅलरीत सोलां वाळत होती, बोटांना वास येत होता.
"शुक्रवारी मॅच आहे," जाता जाता म्हणाली.
मी ऑर्डरची वही ओढली, कामतांच्या खाली लिहिले:
सुलक्षा. कड, आतून.
गुरुवारी संध्याकाळी.